रागाला दहापैकी चार

स्टाफरूमचा एक कायदा असतो. तो कुठे लिहिलेला नसतो, पण सगळ्या शाळांत पाळला जातो. कुणालाच नको असलेलं काम वाटायचं असलं, की जो त्या क्षणी खोलीत नसेल त्याचं नाव सुचवायचं. नाव एकमताने मंजूर होतं, कारण विरोध करणारा एकटाच असतो आणि तो बाहेर असतो. काटकोनसर हा कायदा कोळून प्यायले होते. वेळापत्रकाची बैठक असली की घशाला कोरड पडो नाहीतर फोन वाजो, ते खुर्ची सोडत नसत. पण त्या दिवशी मोठ्या बाईच म्हणाल्या, "सर, शेजारच्या वर्गात काय गोंधळ चाललाय, बघा हो जरा." मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्यांना नाही कसं म्हणणार? सर गेले, त्या वर्गाच्या दारात नुसते उभे राहिले, वर्ग चिडीचूप झाला, सर परत आले. तेवढ्यात व्हायचं ते होऊन गेलं होतं.

"अभिनंदन," चित्रकलेच्या बाई म्हणाल्या. "नववी 'क'च्या भावना तुमच्याकडे आल्या."

"कितव्या धड्यापर्यंत झाल्यात?" सरांनी सवयीने विचारलं.

मग कळलं की धडे नाहीत. पुस्तकही नाही. वरून फतवा आला होता, की कुमारवयातल्या मुलांना आठवड्यातून दोन तास खेळांतून भावनिक आणि सामाजिक कौशल्यं शिकवायची. राग कसा आवरावा, दुसऱ्याचं कसं ऐकून घ्यावं, भांडण कसं मिटवावं. ज्या स्टाफरूममध्ये पंखा कितीवर ठेवायचा यावरून दोन तट पडून माणसांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं, तिथल्याच कुणीतरी हे शिकवायचं होतं.

काटकोनसर हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते मुलांनी ठेवलं, मग शिक्षकांनी उचललं आणि शेवटी शेजाऱ्यापाजाऱ्यांपर्यंत पोचलं. सर आठवीपासून दहावीपर्यंत गणित शिकवत आणि फळ्यापुढे उभे राहत ते जमिनीशी बरोबर नव्वद अंशांत. त्यांना आयुष्यात अभिमान होता तो एकाच गोष्टीचा. बावीस वर्षं दहावीचं गणित त्यांच्याकडे होतं. माणसं ओळख करून देताना गाव सांगतात, घराणं सांगतात, सर सांगत, "मी दहावीला गणित शिकवतो." लग्न जमवायच्या वेळीही त्यांनी मुलीला एवढंच सांगितलं होतं, आणि उरलेला वेळ दोघं खिडकीबाहेर बघत बसली होती.

आणि आता नेमकं तेच टांगणीला लागलं. शाळेत नवे सर आले होते. तरणेबांड, भिंतीवर हलती चित्रं टाकून भूमिती शिकवणारे. मोठ्या बाईंनी काटकोनसरांना खोलीत बोलावून घेतलं.

"हे बघा सर, महिनाअखेरीस वरचे साहेब हा भावनांचा तास बघायला येणारेत. पुढच्या वर्षीचे वर्ग मी त्यानंतर वाटणार. साहेब खूश झाले तर दहावीचं गणित तुमच्याकडेच. नाहीतर... नवे सर आहेतच. आपलं बोलून ठेवते."

"माझ्याकडून काही चुकलं का, बाई?"

"छे हो! चुकलं काही नाही. काळ बदललाय, एवढंच."

काळ बदलतो तर बदलो, पण तो बदलताना नेमका आपल्याच हातातलं काढून का घेतो, हे सरांना कळेना. त्यांना वाईट वाटलं, भीती वाटली, थोडा रागही आला. यातलं त्यांनी काहीच बोलून दाखवलं नाही. "बरं," म्हणाले, आणि खडू शोधायला गेले.

आधी प्रशिक्षण होतं. एका मोठ्या हॉलमध्ये पन्नाशीच्या आसपासचे शिक्षक गोल करून बसवले होते आणि मध्ये एक ताई होत्या, सरांच्या जुन्या विद्यार्थिनीच्या वयाच्या. त्यांनी सगळ्यांना आधी झाड व्हायला सांगितलं. सर झाड झाले. म्हणजे होते तसेच उभे राहिले. मग ताई म्हणाल्या, "आता वारा आलाय. वाऱ्यात तुम्हाला कसं वाटतंय?" सरांनी विचारलं, वाऱ्याचा वेग किती? ताईंनी कौतुकाने हसून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. आपण बरोबर उत्तर दिलं की चूक, याचा सरांना शेवटपर्यंत पत्ता लागला नाही.

दुपारी विश्वासाचा खेळ होता. एकाने डोळे मिटून मागे पडायचं आणि जोडीदाराने झेलायचं. सरांचे जोडीदार होते त्यांच्याच शाळेचे खेळाचे सर. ताई म्हणाल्या, "मनात शंका आणू नका, स्वतःला सोडून द्या." काटकोनसरांनी जन्मात पहिल्यांदा स्वतःला सोडून दिलं. नेमका त्याच वेळी खेळाच्या सरांचा फोन वाजला.

कंबर मोडली नाही, लचकली. पण सर नव्वद अंशांतून गेले ते गेलेच. सोमवारी शाळेत पुढे वाकून चालू लागले तेव्हा नववी 'क'ने तासाभरात त्यांचं नाव बदलून लघुकोन केलं. सरांच्या कानांवर ते आलं. अपमान तर वाटलाच, पण पोरांना कोनांचे प्रकार पक्के समजलेत याचं बरंही वाटलं. या दोन्ही गोष्टी एकदम कशा वाटू शकतात, हे त्यांना कोडंच पडलं.

प्रशिक्षणातून एक पेटी मिळाली होती. तीत खेळांची एक पुस्तिका होती आणि चेहऱ्यांचे पत्ते होते, प्रत्येक पत्त्याच्या मागे भावनेचं नाव. सर घरी पलंगावर पालथे पडून अभ्यास करू लागले. आनंद कळला. राग कळला. पण खिन्न, उदास, हिरमुसलेला आणि खट्टू हे चार चेहरे त्यांनी पट्टी लावून मोजले तरी एकरूप निघाले.

"अगं, हा बघ. हा खट्टू की हिरमुसलेला?" त्यांनी बायकोला हाक मारली.

ती शेजारी बसून आपल्या भावासाठी स्वेटर विणत होती. वर न बघता म्हणाली, "मला काय विचारता? इतक्या वर्षांत तुम्हाला कसं वाटतंय हे तुम्ही एकदाच सांगितलंत. तेव्हा तुम्हाला ताप होता."

कंबर धरलेला माणूस म्हणजे शेजाऱ्यांना पर्वणी. समोरचे विमाकाका आले. आयुष्यभर लोकांना मरणाची भीती घालून विमे विकले, आता निवृत्त होऊन ती फुकट घालतात. "कंबर? सांभाळा हो. माझ्या एका गिऱ्हाइकाचं कंबरेपासूनच सुरू झालं होतं," असं म्हणून ते पलंगाच्या कडेवर बसले. मग पत्ते पाहिले. "हे काय काढलंत? पोरांना कसल्या आल्यात भावना! आमच्या वेळी भावना म्हणजे काय, पाठीत एक धपाटा. झालं." पण हे सांगता सांगता त्यांना आपल्या वडिलांच्या एका धपाट्याची आठवण आली, त्यांनी 'खट्टू'चा पत्ता हातात धरला आणि चहा दोनदा गार होईपर्यंत ठेवला नाही.

खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचा सल्ला वेगळा. "सर, तोंड उघडायला लावायचं तर आधी भूल द्यावी लागते. पहिल्या दिवशी सोपं विचारा." एवढा एकच शहाणपणाचा सल्ला सरांना मिळाला, आणि तो त्यांनी पाळला नाही.

पहिला तास. बाकं भिंतीला लावून मुलं गोल बसली. पंधरा वर्षांचं पोर बाकाआड असतं तोवर निम्मंच दिसतं. गोलात बसवल्यावर सगळंच दिसू लागतं, आणि त्याला तर हातपाय कुठे ठेवावेत तेही कळत नाही. वर्गात खांब म्हणून एक मुलगा होता, उन्हाळ्याच्या सुट्टीत एकाएकी वाढलेला. त्याचे पाय गोलाच्या मध्यापर्यंत आले. सरांनाही फळ्याकडे पाठ करून बसताना उघड्यावर आंघोळीला बसल्यासारखं वाटत होतं.

"एकाने पत्ता उचलायचा," सरांनी सांगितलं. "नुसत्या चेहऱ्याने भावना दाखवायची. बाकीच्यांनी ओळखायची. मग ज्याने दाखवली त्याने सांगायचं, आपल्याला असं कधी वाटलं होतं. तो बोलत असताना कुणी मध्ये बोलायचं नाही, हसायचं नाही, आणि सल्ला द्यायचा नाही. हा नियम."

कुणी पत्ता उचलेना. कुणी हसू आवरेना. खांबाने 'प्रेम' उचलला आणि लाजेने तोंड गुडघ्यांत घातलं, वर्गाने एका आवाजात "पोटदुखी!" असं ओळखलं. हसून हसून पोरं गोलातून बाहेर लोळली. तेव्हा वकील उभा राहिला. हा खऱ्या वकिलाचा मुलगा नव्हे, पण प्रत्येक गोष्टीत मुद्दा काढणारा म्हणून वकील. त्याने विचारलं, "सर, हे परीक्षेला आहे का?"

आता बघा, माणसाच्या तोंडून काही शब्द विचार करून निघतात आणि काही सवयीने. बावीस वर्षं हा प्रश्न ऐकला की सरांच्या तोंडून एकच उत्तर बाहेर पडत आलं होतं, आणि ते ऐकून गलका थांबत आला होता. आजही ते आपोआप पडलं.

"हो. दहा मार्कांना."

काय सांगू! वर्ग असा शांत झाला की बाहेर शिपाई कुलपात किल्ली फिरवत होता ते ऐकू आलं. सगळ्यांनी वह्या काढल्या. समास आखले. वर्गात वेणी म्हणून एक मुलगी होती, लांब वेणीची, कधी चकार शब्द न काढणारी. तिनेसुद्धा वहीवर वर 'भावना' लिहून खाली दोन रेघा मारल्या. सरांना धन्य वाटलं. हात दाखवून अवलक्षण करून घेतलंय, हे कळायला दुसरा दिवस उजाडावा लागला.

सर वह्या तपासून मार्क देऊ लागले, आणि दुसऱ्या दिवसापासून पालक सुरू झाले. एक आई फाटकात गाठून म्हणाली, "सर, आमच्याला आनंदात पूर्ण मार्क मिळायला हवेत बरं का. घरात काही कमी नाही." एका वडिलांचा फोन आला, "माझ्या मुलीला रागाला दहापैकी चारच? सर, तुम्ही एकदा घरी येऊन बघा. ताट आपटते, दार आपटते, अजून काय करायला हवं तिने?"

"अहो, राग आवरण्याचे मार्क आहेत ते."

"मग चार तरी कशाचे दिलेत?"

कशाचे दिले होते, हे सरांनाही नीट आठवत नव्हतं. बहुधा अक्षराचे.

पत्ते पोरांना पाठ झाले, तेव्हा सरांनी दुसरा खेळ काढला. गोलात चेंडू फेकायचा आणि ज्याच्या हातात येईल त्याने मनातलं बोलायचं. त्यासाठी चेंडू हवा होता. सर खेळाच्या सरांकडे गेले.

"चेंडू खेळण्यासाठी असतो," खेळाचे सर म्हणाले. कंबरेच्या प्रकरणापासून ते जरा फटकूनच वागत. "तुमचा तास भावनांचा. उद्या चेंडू भावनेत फाटला तर तो मी कुठल्या खात्यात दाखवू?"

"अहो, पण आपण खेळच खेळतोय ना?"

"मैदानावर खेळताय का? नाही ना. मग तो खेळ नव्हे. मोठ्या बाईंकडून लिहून आणा."

मोठ्या बाई म्हणाल्या, लिहून देते, पण आधी खेळाच्या सरांची हरकत नाही असं लिहून आणा. सर दोघांच्या दारांमध्ये वाकलेल्या कंबरेने येरझाऱ्या घालून दमले, आणि घरी जाऊन त्यांची नजर बायकोच्या लोकरीच्या गुंड्यावर पडली. पुस्तिकेत लोकरीचाही खेळ होताच. बोलणाऱ्याने धाग्याचं टोक धरून ठेवायचं आणि गुंडा पुढच्याकडे टाकायचा. शेवटी सगळ्यांमध्ये एक जाळं विणलं जातं आणि आपण सगळे जोडलेले आहोत हे मुलांना दिसतं.

ते दिसलं खरं. कल्पना पुस्तिकेतली होती, पण पुस्तिका लिहिणाऱ्याने मधल्या सुट्टीची घंटा धरली नव्हती. जाळं पूर्ण झालं, सर "आता प्रत्येकाने या धाग्याचा ताण अनुभवा" म्हणाले, आणि घंटा झाली. नववी 'क' सवयीप्रमाणे दाराकडे धावली. त्यानंतर काय कुणाच्या कुठे अडकलं ते देवच जाणे. खांब आडवा झाला आणि त्याच्यावर सात-आठजण. वकील जमिनीवरूनच "सर, याला जबाबदार कोण?" असं विचारत होता. वेणीची वेणी दाराच्या कडीला गुंतली. सुट्टी संपली तरी सर वाकून वाकून गाठी सोडवत होते. शेवटी चित्रकलेच्या बाईंनी कात्री आणली.

तुकडे पिशवीत भरून सर घरी आले. बायकोने पिशवीत पाहिलं. मग सरांकडे पाहिलं. तो चेहरा कुठल्याच पत्त्यावर नव्हता. खट्टू नव्हे, हिरमुसलेला नव्हे, राग म्हणावा तर ती शांत होती. दोन दिवस ती सरांशी फक्त "जेवायला वाढलंय" एवढंच बोलली. सरांनी एकदा विचारायचा प्रयत्न केला, "तुला नेमकं कसं वाटतंय?" ती म्हणाली, "दहापैकी सांगू?"

इकडे साहेबांचा दिवस जवळ येऊ लागला. वर्गात पोरांची तऱ्हा अशी की मार्कांच्या धास्तीने एकही जण खरं काही बोलेना. "सर, कसं वाटलेलं बरोबर?" असं विचारत. सरांनी समजावलं, की असं बरोबर-चूक काही नसतं. त्यावर पोरं आणखीनच घाबरली. ज्या विषयात बरोबर उत्तरच नसतं त्याचा अभ्यास करायचा तरी कसा? आणि खोटं कशाला बोला, सरांनाही तीच भीती होती. शेवटी दहावीच्या गणिताच्या काळजीने त्यांनी करू नये ते केलं. फळ्यावर एक नमुना उत्तर लिहून दिलं. "हे फक्त नमुना म्हणून हं," असं तीनदा बजावलं.

त्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्या शिकवणीवाल्यांनी पाटी लावली. गणित, विज्ञान आणि भावना.

साहेब आले ते मोठ्या बाईंना पुढे घालून. पोक्त, जाडसर, कपाळाला कायम आठी. मागे खुर्ची टाकून बसले. मोठ्या बाईंच्या हुकमाने खेळाच्या सरांनी शेवटी एक फुटबॉल दिला होता, पण त्यातली हवा मात्र ठेवून घेतली होती. तो फेकला की थप्प करून मांडीत बसे. बावीस वर्षांचं दहावीचं गणित त्या मेलेल्या चेंडूत होतं.

पहिला चेंडू वकिलाकडे गेला. तो खणखणीत आवाजात म्हणाला, "एकदा माझ्या मित्राने मला न विचारता माझं पेन घेतलं. त्यामुळे मला वाईट वाटलं. परंतु मी दीर्घ श्वास घेतला आणि त्याच्याशी शांतपणे बोललो. आता आम्ही चांगले मित्र आहोत."

साहेबांनी मान डोलावली. थप्प. दुसऱ्या मुलीचंही एकदा मैत्रिणीने न विचारता पेन घेतलं होतं. थप्प. तिसऱ्याचंही. खांबाचंही पेनच. पाचव्याने चतुराई केली, पेनाऐवजी पट्टी घेतली. साहेबांची आठी खोल खोल जात चालली. मोठ्या बाई चष्मा पुसू लागल्या. अख्ख्या वर्गाची पेनं गेलेली, अख्ख्या वर्गाने दीर्घ श्वास घेतलेले, आणि आता सगळे चांगले मित्र!

चेंडू वेणीकडे आला. तिने तोंड उघडलं, मिटलं. पाठ केलेलं सगळं विसरली होती बिचारी. डोळ्यांत पाणी आलं. कुणाकडे फेकावं ते न सुचून तिने चेंडू सरळ सरांकडे टाकला. थप्प.

सगळे सरांकडे बघू लागले. सरांना नमुना उत्तर आठवेना, जे त्यांनी स्वतः लिहिलं होतं.

"मला..." ते म्हणाले. "मला काही कळत नाहीये."

कुणी मध्ये बोललं नाही. नियम होता.

"मला हे शिकवता येत नाही. खट्टू आणि हिरमुसलेला यांत फरक काय, मला अजून समजलेलं नाही. मी तुम्हाला मार्कांची भीती घातली, कारण मला दुसरं काही येत नाही. आणि मला स्वतःलाच भीती वाटते. दहावीचं गणित माझ्याकडून जाईल, याची. ते गेलं तर मी कोण, हे मला खरंच माहीत नाही." एवढं बोलून सर थांबले. आपण हे मोठ्याने बोललो की मनात, याचाच त्यांना नीट उलगडा होईना.

कुणी हसलं नाही. खांबाने हळूच आपले पाय जवळ ओढून घेतले. सरांना आता चेंडू कुणाला तरी द्यायचा होता, पण लचकलेल्या कंबरेने हात नीट फिरेना. चेंडू भलतीकडेच गेला आणि साहेबांच्या मांडीत बसला.

मोठ्या बाई अर्धवट उठल्या. साहेबांनी हात करून त्यांना बसवलं. चेंडू दोन्ही हातांत घेतला. मग म्हणाले, "मला घरी कुणी काही विचारत नाही."

आणि सुरू झाले. कार्यालयात सगळे उभे राहतात आणि घरात कुणी मान वर करत नाही, इथपासून ते लहानपणी आपल्याऐवजी धाकट्या भावाला मिळालेल्या सायकलीपर्यंत. घंटा झाली. साहेब बोलत होते. मधली सुट्टी लागली, बाहेर बाकीच्या वर्गांचे डबे उघडले, वास आत आले, पोरांच्या पोटांत कावळे ओरडू लागले. पण बोलणाऱ्याला मध्ये तोडायचं नाही, हा नियम सरांनीच केलेला. मोठ्या बाईंनी दोनदा घसा खाकरला, तर वकिलाने ओठांवर बोट ठेवून त्यांना गप्प केलं. सुट्टी संपल्याची घंटा झाली तेव्हा साहेबांनी डोळे पुसले, चेंडू सरांच्या हातात दिला आणि थेट गाडीत जाऊन बसले.

"सर," मोठ्या बाई म्हणाल्या, "हे चांगलं झालं की वाईट?"

"मला विचारू नका, बाई," सर म्हणाले.

आठवड्याने पत्र आलं. साहेब अतिशय खूश होते. इतके, की काटकोनसरांसारखा माणूस गणितात अडकून पडणं हे शाळेचं नुकसान आहे, असं त्यांचं स्पष्ट मत झालं होतं. पुढच्या वर्षापासून सगळ्या वर्गांचे भावनांचे तास सरांकडे. आठवडाभर फक्त तेच. दहावीचं गणित अर्थातच नव्या सरांकडे.

लोकांनी अभिनंदन केलं. विमाकाका तर म्हणाले, "वा! आता तुमच्या पोटापाण्याची चिंता मिटली, माणसाला दुःख काही चुकत नाही." नव्या सरांनी येऊन वाकून नमस्कार केला, म्हणाले, "सर, तुमचा आशीर्वाद असू द्या." सरांनी आशीर्वाद दिला. घरी येऊन ते पलंगावर बसले आणि बायकोला म्हणाले, "अगं, मला फार वाईट वाटतंय."

तिने सुया खाली ठेवल्या. ताप आहे का म्हणून आधी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग जवळ बसली. सल्ला दिला नाही.

नवं वर्ष सुरू झालं. नववी 'क'ची दहावी 'क' झाली. मार्क बंद झाले होते, साहेबांचाच हुकूम. सर गोलात बसले, पाठ फळ्याकडे, मांडीत तोच हवा नसलेला चेंडू. शेजारच्या खोलीत गणिताचा तास चालू होता, दहावी 'अ'चा, आणि नव्या सरांचा आवाज भिंतीतून येत होता. सर तो ऐकायचा नाही असं ठरवून ऐकत होते.

त्यांनी चेंडू टाकला. तो वेणीने धरला.

"मला काल गणिताच्या तासाला काहीच कळलं नाही," ती म्हणाली. "नवे सर छान शिकवतात. पण मला कळलं नाही, आणि सांगायची लाज वाटली. घरी जाऊन रडले."

थप्प. "मलापण," खांब म्हणाला. "मला ती चित्रं हलतात ना, तेवढीच कळतात."

थप्प. "मुद्दा असा आहे सर, की मला आठवीपासूनच कळत नाहीये," वकील म्हणाला. "तुम्ही विचारायचात, कळलं का? आम्ही म्हणायचो, हो सर. सगळे म्हणायचे म्हणून मीपण म्हणायचो."

थप्प, थप्प, चेंडू फिरत राहिला. कुणाला सहावीपासून कळत नव्हतं. कुणाला अपूर्णांकच कळले नव्हते. बावीस वर्षं ज्या "हो सर" वर काटकोनसर ताठ उभे होते, ते एकेक करून खालून काढून घेतलं जात होतं, आणि त्यांना मध्ये बोलता येत नव्हतं. मध्ये बोलायचं नाही. हसायचं नाही. सल्ला द्यायचा नाही. सर ऐकत होते. त्यांना लाज वाटत होती, गहिवरून येत होतं आणि यातलं कुठलं आधी वाटतंय ते समजत नव्हतं. बोटं मात्र खिशात खडू शोधत होती.

चेंडू परत त्यांच्याकडे आला. सर उठले. दारापाशी जाऊन त्यांनी बाहेर दोन्हीकडे पाहिलं, दार लावून घेतलं आणि कडी घातली.

"सल्ला द्यायचा नाही, असा नियम आहे," ते म्हणाले. "गणित करून दाखवायचं नाही, असं कुठे लिहिलेलं नाही. बाकं सरळ करा. आवाज न करता. अपूर्णांकांपासून सुरू करू. आणि माझ्यावर उपकार करा, मी 'कळलं का' विचारलं की कुणीही 'हो सर' म्हणायचं नाही."

बाकं सरळ झाली. सरांनी फळ्यावर एक आडवी रेघ ओढली, वर एक लिहिला, खाली दोन लिहिले. कंबर अजून वाकलेली होती, पण रेघ सरळ आली.

मागून वेणीने हात वर केला. "सर, एक विचारू?"

"विचार. काय कळलं नाही?"

"कळलं. आता तुम्हाला कसं वाटतंय?"

"फळ्याकडे बघ," सर म्हणाले, आणि बराच वेळ फळ्याकडेच तोंड करून उभे राहिले.